मानधनाची वही
सातपुड्याच्या पायथ्याशी, कापसाच्या हंगामावर वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या जळगाव जामोदमध्ये राहणाऱ्या स्वतंत्र लेखकाची मिळकत मात्र कोणत्याच हंगामात बसत नाही; दिवाळी अंकाचे मानधन कधी होळीला पोहोचते. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०क्यूक्यूबी या कलमाने साहित्यिक पुस्तकाच्या स्वामित्वधनावर, म्हणजे रॉयल्टीवर, ३ लाख रुपयांपर्यंत वजावट दिली, पण नियतकालिके व शालेय पाठ्यपुस्तके तिच्यातून वगळली, आणि नव्या करप्रणालीत ती उरलीच नाही. केवळ अंकांतून लिहिणाऱ्याला हा भेद किंचित बोचतोच. टपालाच्या, कागदाच्या पावत्या वहीत चिकटवताना येणारी अस्वस्थता बहुधा कराची नसते. एखाद्या कथेसाठी गेलेली वर्षे खर्चाच्या कोणत्या रकान्यात मांडावीत, याचे उत्तर हिशेबतपासनिसाकडेही नसते आणि तो ते विचारतही नाही.