दिल्लीतला कारवानी

दिल्लीच्या घरी येणारे स्नेही आमच्या कुत्र्याकडे पाहून हमखास विचारतात, “याला पोटभर घालता ना?” त्यांचा तरी काय दोष? पाठीला चिकटलेले पोट, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, लांबट निमुळते तोंड. राजधानीतल्या गुबगुबीत लॅब्रॅडॉरांना सरावलेल्या डोळ्यांना कारवानी उपाशीच वाटणार. वस्तुतः ती काटक काया धावण्यासाठीच घडलेली आहे.

कारवानी हे मराठी मुलखातले नाव. मुधोळकडे त्यालाच मुधोळ हाऊंड म्हणतात. 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेले मुधोळ आज कर्नाटकात आहे. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि पंचम जॉर्ज बादशहांना एक जोडी नजर केली. 2005 साली हा कुत्रा टपाल तिकिटावर झळकला, आणि 2016 साली सैन्याने त्याची पिल्ले आमच्या शेजारच्या मेरठला शिक्षणासाठी आणली. गावठी म्हणून हिणवलेल्या जिवाला एवढा मान मिळाला की आम्हां परमुलखात राहणाऱ्यांची छाती उगीचच फुगते!

त्याची निष्ठा मात्र गळेपडू नव्हे. घरच्या चार माणसांपलीकडे त्याचे जग नाही. परक्याने डोक्यावरून हात फिरवू पाहिला की तो मुकाट्याने बाजूला होतो. हाक मारली तर यावे की नाही, याचा तो क्षणभर विचार करतो. आम्हांला हा मानीपणा आवडतो.

अंगावर ना दाट केस, ना चरबी. त्यामुळे जानेवारीच्या धुक्यात त्याला झूल लागते, आणि हाडांना टोचू नये म्हणून मऊ बिछाना. जूनमध्ये उजाडण्यापूर्वीच फिरवून आणावे लागते. मागाहून रस्ता पंजे भाजतो. खेड्यात तो ज्वारीच्या भाकरीवर वाढतो. आम्ही जोडीला अंडी आणि थोडे मांस देतो, पण जेवणानंतर तासभर धावू देत नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडण्याचे भय असते, आणि ते जिवावर बेतते. डोके मानेहून अरुंद, म्हणून साधा पट्टा सहज निसटतो. रुंद आणि ओढताच आवळणाराच हवा.

हे सारे जमते. जमत नाही ते एकच. हा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा कुत्रा. अरवलीच्या कडेने जाताना झुडपात ससा हलला किंवा दूर नीलगाय दिसली की त्याचे सर्वांग थरथरू लागते. त्या क्षणी आमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. 1972 च्या कायद्याने शिकारीस बंदी आली, आणि ती योग्यच आहे. शिवाय मोकळा सोडावा तर पुढे मोटारींचा रस्ता. ज्या कामासाठी माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या घडवले, तेच काम माणूस आता करू देत नाही, हे त्याला कोणत्या भाषेत सांगावे?

म्हणून फ्लॅटमध्ये कारवानी पाळू इच्छिणाऱ्यास आम्ही प्रथम विचारतो, “कुंपणाचे मैदान आहे का?” नसेल तर स्पष्ट नको म्हणतो, मग राग आला तरी चालेल. आम्ही स्वतः रोज पहाटे एका परिचितांच्या फार्महाऊसच्या आवारात त्याला सोडतो. पुढे सावज नसतानाही तो वर्तुळे घेत असा सुटतो की पाय भुईला लागतात की नाही कळत नाही; आणि दमला की येऊन आमच्याजवळ, थोडे अंतर राखूनच, बसतो.