मुक्काम किती?

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घराघरांतून एकच हिशेब सुरू होतो. कोठे जायचे, हे एकवेळ लवकर ठरते. पण मुक्काम किती, यावरून मात्र घरात दोन पक्ष पडतात. यजमान म्हणतात, "दोन दिवस पुष्कळ झाले." गृहिणी म्हणते, "एवढी बांधाबांध काय दोन दिवसांसाठी करायची?" त्यातून गाव ऐतिहासिक असले, तर हिशेब आणखीच अवघड. पुण्यास येणारी पाहुणेमंडळी शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड यांना एकेक दिवस वाटून देतात आणि उरलासुरला अर्धा दिवस आम्हां चिंचवडकरांच्या पदरात टाकतात. चाकणचे नाव काढावे, तर "तिथे मोटारींचे कारखाने आहेत ना?" एवढेच विचारतात.

त्याच चाकणला एका बड्या पाहुण्याचा मुक्काम चांगलाच लांबला होता. हा पाहुणा म्हणजे शाइस्तेखान. १६६० सालच्या जूनमध्ये त्याने संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्ला भुईकोट, ना डोंगराची उंची, ना कड्याचा आधार. पण आत फिरंगोजी नरसाळा होता, आणि बाहेर पाऊस. मूठभर शिबंदीने प्रचंड फौजेला पन्नासाहून अधिक दिवस थोपवून धरले. अखेर ऑगस्टच्या मध्यावर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा कोठे किल्ला पडला. पुढे हाच खान पुण्याच्या लाल महालात ठाण मांडून बसला आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये हाताची बोटे गमावून तेथून निघाला. पाहुण्याने मुक्काम फार लांबवू नये, हा धडा यापेक्षा स्पष्ट कोण शिकवणार?

संग्रामदुर्गाचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. घाईच्या माणसाला तो दहा मिनिटांत 'पाहून' होतो. परंतु पडक्या तटाच्या कडेने सावकाश चालावे, तटाची बेताची उंची डोळ्यांनी मोजावी, आणि मग ते पन्नासाहून अधिक दिवस आठवावेत. त्या दहा मिनिटांचा तास केव्हा होतो, ते कळत नाही.

चिंचवडचेही तसेच. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. दर्शन पाच मिनिटांत होते. पण पावसाळ्यात नदी फुगली, की हेच मंदिर पाण्यात जाते, हे घाटावर निवांत बसल्याखेरीज खरे वाटत नाही. गावात चापेकरांचा वाडा आहे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, आणि १८९८-९९ मध्ये या घरातले तिघे भाऊ फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे! येथे घड्याळ पाहणे मनाला बरे वाटत नाही.

पिंपरीच्या कारखान्यांनाही आता इतिहास म्हणायला हरकत नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. माझ्या आत्याचे यजमान साठीच्या दशकात पिंपरीतच कारखान्यात नोकरीला होते. गेल्या वर्षी आत्या आमच्याकडे आली, वय ब्याऐंशी. बरोबर नातू. त्याने मोबाइलवर आखून आणलेल्या कार्यक्रमात चिंचवडला पाऊण तास होता. आत्या एवढेच म्हणाली, "बाळा, ही माझी शेवटचीच खेप. आज रात्री इथंच राहू या."

नातवाने कुरकुर केली, पण राहिला. संध्याकाळी आम्ही घाटावर बसलो. काळोख पडू लागला तशी आत्या बोलू लागली. लग्नानंतर एका खोलीत सासूबाई, दोन दीर आणि हे नवराबायको. दोघांनी दोन शब्द बोलायला घरात जागा नव्हती; म्हणून दर चतुर्थीला मोरयाच्या दर्शनाचे निमित्त करून दोघे या पायऱ्यांवर येऊन बसत. "पुढच्या जन्माचा सोडा, पण पुढच्या महिन्याचा सगळा विचार आम्ही इथंच केला," ती हसून म्हणाली. नातवाने हे कधीच ऐकले नव्हते. खरे तर कोणीच ऐकले नव्हते. पाऊण तासाच्या कार्यक्रमात ते ऐकू आलेही नसते.

तेव्हा वाचकहो, मुक्कामाचे माझे गणित साधे आहे. स्थळे मोजू नका, रात्री मोजा. आमच्या या मुलखाला दोन रात्री द्या. पहिल्या दिवशी चिंचवड, आणि संध्याकाळ घाटावर. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून चाकण गाठा. उशीर केलात, तर तळेगाव चौकातल्या मालमोटारींचा वेढा तुम्हांला फिरंगोजीची आठवण करून देईल. अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तो दिवस साधला तर उत्तमच. तिसऱ्या दिवशी देहू आणि आळंदी. दोन्हीकडे इंद्रायणीच, पण एका दमात दोन्ही उरकू नका. एकीकडे सकाळ काढा, दुसरीकडे संध्याकाळ.

तेवढी सवड नसेल, तर एकच ठिकाण निवडा; पण तेथे दिवेलागणीपर्यंत थांबा. आणि बरोबर घरातले वडीलधारे माणूस असेल, तर मुक्काम किती, हे त्यालाच ठरवू द्या.