तारागिरी

कुरकुंभच्या माळावर उभे राहून समुद्राची कल्पना करणे सोपे नाही. येथे पाण्याचा हिशेब विहिरीच्या उघड्या पडलेल्या पायऱ्यांवरून होतो. तथापि आमच्या घरी एका युद्धनौकेचे नाव थोरल्या बहिणीच्या नावासारखे घेतले जात असे. आमचे तीर्थरूप ऐन तारुण्यात दौंडास गाडी धरून मुंबईस गेले, माझगाव गोदीत वेल्डर झाले, आणि ‘तारागिरी’ नावाच्या फ्रिगेटीच्या बांधणीस त्यांचा हात लागला. ही नौका १६ मे १९८० रोजी आरमारात दाखल झाली.

आराखडा मूळ इंग्लंडातील ‘लिअँडर’ जातीचा. परंतु या मालिकेतील सहाही नौका माझगावातच बांधल्या गेल्या. १९७२ सालची ‘नीलगिरी’ पहिली, ‘तारागिरी’ पाचवी. शेवटच्या दोन नौकांत पाणबुडीच्या शिकारीसाठी मोठे फेरफार केले होते. पाणबुडीचे भय काय असते, हे आपल्या आरमारास ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री कळून चुकले होते. दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या शोधास निघालेली ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने बुडविली. हंगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली पाणबुडी. तिला खुकरीपेक्षा दूरचे ऐकू येत होते. १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही.

पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग नाही, कानांचाच आहे. हे तीर्थरूपांनी आम्हांस सुटीत विहिरीच्या काठी शिकविले. आत वाकून हाक मारावी, आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजावे! समुद्रात ध्वनी सेकंदास सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर पाणबुडी किती दूर? (नववीच्या मुलांनी हे गणित स्वतः करावे, तीन हजार असे उत्तर देणारे दरवर्षी निघतात.) पण समुद्राचे वरचे पाणी उष्ण व खालचे थंड असते, आणि तेथे ध्वनी वाट सोडून वळतो. वैशाखात सोलापूर रस्त्यावर प्रकाश वळून मृगजळ दिसते, त्यातलाच हा प्रकार. त्या थराखाली पाणबुडी दडून बसते. म्हणून तारागिरीवर ‘सी किंग’ हेलिकॉप्टर ठेवण्याची सोय केली होती. ते पाण्यावर एका जागी तोलून राहते, आणि आपला कान दोराने थराखाली सोडते.

ज्यांनी हे सारे शिकविले, त्यांचे स्वतःचे कान साठीनंतर मंद झाले. गोदीतून गेलेली तारागिरी त्यांनी पुन्हा पाहिली नव्हती. डिसेंबरात नौदल सप्ताहाच्या निमित्ताने मुंबईत युद्धनौका लोकांस पाहू देतात. तेव्हा एकदा जावे, एवढीच त्यांची इच्छा. ‘यंदा नेऊ’ असे आम्ही दरवर्षी म्हणत असू. कधी परीक्षा आड येई, कधी नाताळची तयारी.

२७ जून २०१३ रोजी तारागिरी सेवेतून निवृत्त झाली. ती बातमी आम्ही वाचीत असता तीर्थरूपांनी विचारले, “काय आलंय रे?” आम्ही म्हणालो, “काही नाही, बाबा.” १९९७ साली नीलगिरी क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून बुडविली गेली, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नव्हते; ते आम्हांस आठवत होते. तरी त्यांच्या मंद कानांचा आम्ही फायदा घेतला, हे येथे कबूल करितो.

११ सप्टेंबर २०२२ रोजी माझगावातच नव्या ‘तारागिरी’चे जलावतरण झाले. नातवाने मोबाइलवर ते दाखविले. तीर्थरूपांनी चष्मा पुसून नाव वाचले व आमच्याकडे पाहिले. “मग आपली?”

त्यांच्या कानाशी वाकून, नऊ वर्षे उशिरा, आम्ही सांगितले. त्यांनी बोटे मोजली. “तेहेतीस वर्षे,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “माझा सांधा कुठं सुटला नव्हता ना रे?”

आम्हांस ते कोठून ठाऊक असणार! “नाही, बाबा,” असे आम्ही मोठ्याने म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरून ते आमच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतले.