ग्रबावित्साचं मैदान

सारायेव्होला गेलेली मंडळी बहुधा जुना बाजार बघतात, कॉफी पितात आणि परततात. आम्ही मिल्यात्स्का नदी ओलांडून ग्रबावित्साला गेलो. इथलं फुटबॉलचं मैदान झेल्येझ्निचार क्लबचं. या नावाचा अर्थ रेल्वेवाला. १९२१ साली रेल्वे कामगारांनीच तो काढला.

इवित्सा ओसिम याच क्लबात खेळाडू म्हणून घडले, पुढे इथेच प्रशिक्षक झाले. मग युगोस्लाव्हियाचा संघ त्यांच्याकडे आला. १९९० च्या विश्वचषकात त्यांनी तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला. तिथे अर्जेंटिनाने पेनल्टींवर हरवलं.

दोन वर्षांनी सारायेव्होला वेढा पडला. ओसिम बेलग्रेडमध्ये, पत्नी आणि मुलगी वेढ्यात. युरो स्पर्धा तोंडावर असताना, मे १९९२ मध्ये, त्यांनी राष्ट्रीय संघाचं पद सोडलं. आपल्या शहरासाठी एवढंच करता येतं, असं ते म्हणाले. हे मैदान तेव्हा युद्धाच्या आघाडीवर होतं. आसपासच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा मला आजही दिसल्या.

पुढे ऑस्ट्रियात ग्रात्सच्या श्टुर्म क्लबला त्यांनी दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, जपानचा संघही सांभाळला. २०२२ साली ते ग्रात्समध्ये वारले. दफन मात्र सारायेव्होतच झालं.