उसने छप्पर

कन्नड बोलपटाचा पहिला स्वर कन्नड भूमीत ध्वनिमुद्रित झालाच नाही. ‘सती सुलोचना’ १९३४ साली बेंगळूरमध्ये झळकला. चित्रीकरण मात्र झाले होते कोल्हापुरात. नंतरची कित्येक वर्षे मद्रासचे स्टुडिओ हेच या चित्रसृष्टीचे बिऱ्हाड. ‘बेडर कण्णप्प’ने १९५४ मध्ये राजकुमार हा नायक दिला, ‘संस्कार’ने १९७० मध्ये राष्ट्रीय सुवर्णपदक, आणि बेंगळूरचे गांधीनगर हळूहळू स्वतःचे अंगण झाले.

अंगण मिळाले तशी कुंपणाची चिंता आली. तमिळ, तेलुगू, हिंदी चित्रपटांच्या लोंढ्यात आपली भाषा वाहून जाईल, या भयाने परभाषी चित्रपटांना कन्नड ध्वनी देण्यास व्यवसायाने दशकानुदशके मज्जाव केला. भय निराधार नव्हते. पण प्रेक्षकाच्या निवडीवरही त्याने कुलूप घातले. स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये हा मज्जाव गैर ठरवला. तीनच वर्षांनी ‘केजीएफ’ने देश जिंकला, तो परभाषांचा ध्वनी लेवून.

‘सती सुलोचना’ची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. कुंपण राखताना घरातला पहिला दिवा कधी मालवला, ते कोणाच्याच ध्यानी आले नाही.