तळाचे पाणी

मराठीचा प्राध्यापक डिझेलवर लिहू लागला म्हणजे वाचकांनी दचकणे साहजिक आहे. पण मी आमच्या सोसायटीचा चिटणीस. जनरेटर माझ्या अखत्यारीत. गेल्या श्रावणात रात्री वीज गेली आणि तो दोन आचके देऊन बंद पडला. सकाळी फिल्टरच्या भांड्यात पाणी दिसले मात्र, माझा संशय थेट रखवालदारावर गेला. डिझेल चोरून पाणी ओतले असणार! मी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला.

दुपारी मिस्त्री आला. पाणी लागताच लाल होणारा लेप त्याने मोजपट्टीच्या टोकाला फासला व ती टाकीच्या तळाशी टेकवली. दोन बोटे पट्टी लाल झाली.

"सर, टाकी अर्धी रिकामी. आतल्या दमट हवेचे रात्री थेंब होतात. त्यात झाकणाचे रबर फाटलेले. पाऊस आत गेला. पाणी डिझेलहून जड, म्हणून तळाशी बसते."

फाटलेल्या रबराची गोष्ट रखवालदाराने मला जूनमध्येच सांगितली होती! मी ती पेपर तपासण्याच्या गडबडीत विसरलो होतो.

तळाचा नळ उघडून निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी काढले, फिल्टर आणि रबर बदलले, टाकी भरून घेतली. रखवालदाराची माफीही मागितली, पण एकांतात.

आता दर महिन्याला मी टाकीत पट्टी उतरवतो. ती लाल होत नाही. तो शेजारी उभा असतो. माझीच मान खाली जाते.