अनुभवाची अट

हेलिकॉप्टर वैमानिकांच्या नोकऱ्यांना उड्डाणाच्या तासांची अट असते. ती अट मला कित्येक वर्षं शुद्ध अन्याय वाटायची. आज मी तिच्या बाजूने बोलते. माझ्याबरोबर शिकलेल्या काही जणांना ते खटकतं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी नाशिकची. गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर शाळा आहे. तिथली चीता आणि चेतक आमच्या गच्चीवरून जायची. मला तेच करायचं होतं, पण तेव्हा ती वाट मुलींना बंद होती. कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून तिथून बाहेर पडल्या, त्या थेट २०२२ साली. म्हणून माझ्या वेळी बाबांनी निफाडची जमीन तारण ठेवून कर्ज काढलं आणि मी अमेरिकेला गेले.

शिकले रॉबिन्सन आर-२२वर. दोन माणसांचं, दोन पात्यांचं, भरून ६२२ किलोचं यंत्र. पाती हलकी, त्यामुळे इंजिन बंद पडलं की त्यांचा फिरण्याचा जोर झपाट्याने ओसरतो. डाव्या हातातला दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, जेमतेम सेकंद-दीड सेकंदात खाली जावा लागतो. तो वेळेवर गेला तर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत राहतात. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग कमी करायचा आणि पात्यांत उरलेला जोर वापरून अगदी शेवटी कलेक्टिव्ह ओढायचा. हे ऑटोरोटेशन मला छान जमायचं. भारतात व्यावसायिक परवान्याला १५० तास लागतात. तेवढे झाले होते. परत येऊन डीजीसीएच्या परीक्षा दिल्या, क्लास वन मेडिकलही झालं.

आणि नोकरी मिळेना. जिथे जावं तिथे हजाराच्या घरातले तास मागायचे. एवढे तास अर्थातच सैन्यदलांतून निवृत्त झालेल्यांकडे. फौजी मंडळींनी दार आतून लावून घेतलंय, असं मी उघडपणे म्हणायचे.

पुढे बऱ्याच खटपटीनंतर ऑफशोअरला को-पायलट म्हणून घेतलं. जुहूवरून उडायचं आणि सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायला तेलकामगार न्यायचे-आणायचे. डॉफिन हेलिकॉप्टर, दोन टर्बाइन, दोन वैमानिक. शेजारी नौदलातून आलेले कॅप्टन. जहाजाच्या हलत्या डेकवर चेतक उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली.

जुलैतली एक सकाळ. ढग खाली आलेले, समुद्र मातकट. कंट्रोल्स माझ्याकडे होते. प्लॅटफॉर्मच्या डेकवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघून मी अप्रोच धरला. मोजा सांगत होता त्याप्रमाणे सगळं बरोबर होतं. सर म्हणाले, "मोजा सोड, ज्योत बघ." प्लॅटफॉर्मच्या टोकाला गॅस जळत होता आणि ती ज्योत वेगळ्याच बाजूला झुकली होती. पाण्यावरचे फेसाचे पट्टेही ज्योतीच्याच दिशेने. मोजा इमारतीच्या आडोशाला होता, म्हणून खोटं बोलत होता. खरा वारा प्लॅटफॉर्मवरच्या टर्बाइनचा तापलेला धूर थेट आमच्या वाटेवर आणत होता, आणि गरम हवेत हेलिकॉप्टरची उचल कमी होते. आम्ही गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो, दुसऱ्या बाजूने आलो, उतरलो. लॉगबुकात या सगळ्याची काही मिनिटं लागली. परवान्याच्या कुठल्याही परीक्षेत मला हे विचारलं नव्हतं.

माझं मत त्या एका सकाळीच बदललं असं नाही, पण तेव्हापासून जुनं भांडण मांडायला जीभ रेटेना. ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५ मध्ये केदारनाथच्या फेऱ्यांवरची हेलिकॉप्टरं पडली, दोन्ही वेळा सात-सात माणसं गेली. साडेतीन हजार मीटरांवर विरळ हवा, अरुंद दरी, शेजारी दुसरा वैमानिक नाही. तिथे अनुभवी माणसांचाही कस लागतो. दीडशे तासांच्या मुलाला तिथे एकटं पाठवा, असं मी आता कोणत्या तोंडाने म्हणू?

राग मात्र गेलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. अमेरिकेत माझे वर्गमित्र त्याच शाळेत प्रशिक्षक झाले. शिकवता शिकवता त्यांचे तास भरले आणि मग ते ग्रँड कॅनियनला पर्यटक फिरवायला गेले. व्हिसामुळे मला तिथे थांबता आलं नाही. आपल्याकडे हेलिकॉप्टरच्या शाळाच बोटांवर मोजण्याइतक्या, मग प्रशिक्षकाची नोकरी कुठून येणार? दीडशे आणि हजार यांच्यामधली पायरीच कुणी बांधलेली नाही, आणि कर्जाचे हप्ते तर पहिल्या महिन्यापासून सुरू होतात. कॅप्टनसाठीची अट एका तासानेही कमी करू नये. पण जिथे दोन वैमानिक उडतात तिथली दुसरी खुर्ची काही प्रमाणात नवख्यांसाठी राखून ठेवायला हवी. माझ्या सरांसारखी माणसं निवृत्त होण्याआधी त्यांच्या शेजारी कुणीतरी शिकायला बसलेलं असलं पाहिजे.

नाशिकहून मुलींचे फोन येतात. लष्कराची वाट आता खुली आहे, आधी तिकडे प्रयत्न करा, असं मी सांगते. तरीही नागरी बाजूलाच यायचं असेल तर पैसे भरण्यापूर्वी क्लास वन मेडिकल करून घ्या, आणि शाळेत जाऊन विचारा की मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे उडतायत. नावं आणि फोन नंबर मागा. दिले तर त्या मुलांशी बोला. दिले नाहीत तर घरी परत या.